.३०८ ची नळी काढून ६.५ क्रीडमोर: लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी नळी आणि गोळी निवडताना ठेवलेल्या नोंदी

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार बंद आहे. परवाना, कोटा आणि हंगाम ठरवून जिथे शिकार चालते, तिथे राहणाऱ्या मराठी शिकाऱ्यांसाठी या नोंदी. रायफल जुनी बोल्ट-ॲक्शन (दर बाराला हाताने दांडी ओढून काडतूस भरायची), काडतूस .३०८ विंचेस्टर, नळी २२ इंची, पीळ १२ इंचाला एक फेरा. नळीच्या आतले आटे गोळीला फिरवतात, ते किती अंतरात पूर्ण फेरा घेतात तो पीळ; आकडा लहान तितका पीळ जास्त. ६.५ क्रीडमोर हे .३०८ पेक्षा बारीक गोळीचं दुसरं काडतूस. काडतुसं कारखान्यात भरलेलीच वापरतो, त्यामुळे दारूच्या मापांबद्दल इथे काही मिळणार नाही.

४ मार्च

जुन्या नळीतून तांब्याच्या जड गोळ्या मारून पाहिल्या. शंभर मीटरवरचा कागद काढून आणला तर भोकं गोल नव्हती. लंबगोल होती आणि प्रत्येकाची काळी कड एकाच बाजूला ओढल्यासारखी दिसत होती. म्हणजे गोळी नाकासमोर न जाता डोलत, तिरकी होऊन कागदात शिरत होती. त्याच बैठकीत १६८ ग्रेनच्या (एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम) शिशाच्या गोळ्यांनी स्वच्छ गोल भोकं पाडली. नळी बिघडलेली नाही, पीळ कमी पडतोय.

तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची केली की ती लांब होते, आणि लांब गोळी सरळ ठेवायला तिला जास्त जोरात फिरवावं लागतं. पीळ ठरतो तो गोळीच्या लांबीवर, वजनावर नाही. खोक्यावर मात्र वजनच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. कारखान्याच्या तक्त्यात प्रत्येक गोळीपुढे किमान पीळ दिलेला असतो. खरेदीआधी तो बघायचा.

शिसं सोडण्याचा विचार गेले काही हंगाम डोक्यात आहे. गोळी फुटली की शिशाचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत पसरतात. आतडी आपण रानातच टाकून येतो आणि ती गिधाडं-गरुड खातात. कॅलिफोर्नियातले बरेच काँडोर (तिथली मोठी गिधाडं) असेच मेले. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, डेन्मार्कनेही एप्रिल २०२४ पासून रायफलीसाठी ती बंद केली. माझ्या भागात अजून सक्ती नाही, पण सक्तीची वाट कशाला बघायची?

जुन्या नळीचा घसाही झिजलाय. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे जिथून आटे सुरू होतात तिथे मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसतात. नवी नळी लागणारच होती.

९ मार्च

ज्यांच्याबरोबर शिकार शिकलो त्या दादांना फोन केला. नळी किती इंची घेऊ, पीळ किती, जाडी किती, असं भडाभडा विचारत सुटलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"अरे, जनावरापाशी गोळी पोचते तेव्हा तिचा वेग किती असतो, ते माहितीय का तुला?"

"नाही दादा."

"मग तिथून सुरू कर. नळी शेवटी."

शिकारीची गोळी फुलासारखी उमलली पाहिजे. उमलायला तिला वेग लागतो. तो मिळाला नाही तर ती सळईसारखी आरपार जाते आणि जखमी जनावर मैलभर पळून कुठेतरी झाडीत तडफडून मरतं. प्रत्येक गोळीचा किमान वेग वेगळा. नोस्लर कंपनीच्या ॲक्युबाँड गोळीला कारखाना साधारण ५५० मीटर प्रति सेकंद सांगतो, त्याच कारखान्याची लांब पल्ल्याची ॲक्युबाँड ४०० च्या आसपासही उमलते. तांब्याच्या गोळ्यांना साधारणपणे जास्त लागतो. मी माझ्यासाठी ६०० ही रेघ आखली. कारखाने काहींना यापेक्षा कमी सांगतात, पण हाड चुकवून नुसत्या फुप्फुसातून जाणाऱ्या गोळीसाठी मला हात राखूनच हिशोब हवाय.

मग तक्ते काढले. ६०० चा वेग कुठपर्यंत टिकतो?

.३०८, १७८ ग्रेनची शिशाची: साडेतीनशे मीटर.
६.५ क्रीडमोर, १४३ ग्रेनची शिशाची: पाचशे.
६.५ क्रीडमोर, १२७ ग्रेनची तांब्याची: साडेचारशेच्या जरा आत.

हे आकडे समुद्रसपाटीच्या हवेचे. उंचावर हवा विरळ असते, पल्ला वाढतो. पण मी कमीच धरून चालणार.

क्रीडमोर २००७ साली बाजारात आलं, मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी. बुडाचा व्यास .३०८ चाच, त्यामुळे बोल्ट तोच चालतो आणि मॅगझिनही तेच. फक्त नळी बदलायची. धक्का कमी बसतो, म्हणून बार झाल्यावर जनावर दुर्बिणीतून निसटत नाही. गोळी कुठे लागली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि एकट्याने शिकार करणाऱ्याला हे फार मोलाचं. वाऱ्यातही फरक आहे. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा साडेचारशे मीटरवर .३०८ ची ती १७८ ग्रेन गोळी सुमारे ५० सेंटिमीटर ढकलतो, ६.५ ची १४३ ग्रेन सुमारे ४०.

तोटा एकच: नळीचं आयुष्य. .३०८ ची नळी पाच हजार गोळ्याही सहज ओढते, क्रीडमोरची दोन-तीन हजारांत उतरते. शिकाऱ्याला तेवढ्या पुष्कळ झाल्या, पण चाचण्यांत उडवलेली प्रत्येक गोळी त्यातूनच वजा होते.

१७ मार्च

पिळावर बरेच दिवस गेले. पहिला ढोबळ नियम ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ साली दिला, आज बहुतेक जण मिलरचं सूत्र वापरतात. त्यातून स्थिरतेचा एक आकडा निघतो: १ च्या खाली गोळी कोलांट्या खाते, १.५ च्या वर निर्धास्त. मधला पट्टा फसवा आहे, कारण कागदावर भोकं गोल पडतात पण पुढे वेग जास्त घसरतो.

१२७ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला आठचा पीळ चालतो. माझ्या हिशोबाने आकडा १.५ च्या किंचित खाली आला. हा हिशोब १५ अंश तापमानाचा. माझा हंगाम थंडीतला. उणे १० अंशांना हवा साडेनऊ टक्क्यांनी दाट होते आणि आकडा जवळपास तेवढाच खाली येतो. उन्हाळ्यात रेंजवर (निशाणेबाजीच्या मैदानावर) ठीक चालणारी नळी हिवाळ्यात पहाटे दगा देते ती यामुळेच.

साडेसातचा पीळ घेतला तर थंडीतही १.५ च्या वर राहतो. जास्त पिळाने गोळी फुटते असं काही जण बजावतात. ते पातळ कवचाच्या हलक्या गोळ्यांबद्दल खरं आहे. साडेसातच्या पिळातून ८६० च्या वेगाने निघालेली गोळी मिनिटाला सुमारे दोन लाख सत्तर हजार फेरे घेते. सगळ्या तांब्याच्या अखंड गोळीला त्याचं काही वाटत नाही. साडेसात नक्की केला.

लांबी २४ इंच. एका इंचामागे साधारण ५ ते ८ मीटर प्रति सेकंद मिळतात किंवा जातात. २२ घेतली असती तर दोन इंचांत तेरा-चौदाचा वेग जाणार, म्हणजे माझ्या ६०० च्या रेघेचा पल्ला वीसेक मीटरने आखडणार. २६ ला तेवढाच वाढेल, पण दाट झुडपांतून चालताना ती नळी फांदी-फांदीला अडकते. वीस मीटरसाठी नको.

जाडी मध्यम. फार जाड नळी रेंजवर छान, पण दिवसभर खांद्यावर अर्धा-पाऊण किलो जास्त वाहायचं. फार बारीक नळी तीन-चार गोळ्यांत तापते आणि नेम सरकतो. शिकारीत एक, फार तर दोन गोळ्या, त्याला बारीकही पुरते. मात्र चाचण्या करताना दर दोन गोळ्यांनी पंधरा मिनिटं थांबावं लागलं असतं. पोलाद स्टेनलेस घेतलं, पावसात फिरतो म्हणून. आटे बटन ओढून केलेले की कापून, यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. दोन्हींत उत्तम नळ्या निघतात. आतून हाताने घासून गुळगुळीत केलेली असली म्हणजे झालं, तांबं कमी चिकटतं.

२ जून

नळी हातात. सांगितलेल्या मुदतीपेक्षा बराच उशीर झाला. हंगामाआधी बदल करायचा असेल तर आदल्या हंगामाच्या शेवटीच मागणी नोंदवा, हे कळकळीने सांगतो.

२० जून

नळी बसवून मिळाली. हे काम घरी केलं नाही आणि कुणी करू नये. चेंबरची खोली गो आणि नो-गो गेजने (काडतुसाच्या आकाराच्या मापांनी) तपासतात. बोल्ट गो गेजवर मिटला पाहिजे, नो-गोवर मिटता कामा नये. कारागिराने दोन्ही माझ्यासमोर लावून दाखवले. तोंडाची कडही भिंगातून दाखवली. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा. तिथे केसाएवढा टवका असला तर मागून येणारा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो.

२८ जून

पहिला दिवस रेंजवर. १४३ ग्रेनची शिशाची आणि १२७ ची तांब्याची, दोन्ही नेल्या. पहिले तीन बार १.४ सेंटिमीटरमध्ये पडले, आणि मन हरखून गेलं. पण तीन गोळ्यांच्या ग्रूपवर (कागदावरच्या भोकांच्या पुंजक्यावर) विश्वास ठेवायचा नाही हे पक्कं ठरवून आलो होतो. त्याच कागदावर, नळी निवू देत, दहापर्यंत गेलो. दहांचा पसारा ४.६ सेंटिमीटर, त्यातही उभा. खालून वर, खालून वर.

उभा पसारा म्हणजे दोन शक्यता. वेग कमी-जास्त होतोय, नाहीतर नळीला कुठेतरी टेकण मिळतंय. क्रोनोग्राफवर (वेग मोजण्याच्या यंत्रावर) वेग बरा होता, फार चढ-उतार नव्हता. मग टेकण.

२९ जून

कागदाची पट्टी नळी आणि दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) यांच्यामध्ये घालून चेंबरच्या दिशेने सरकवत नेली. मोकळी गेली. मग बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) उघडून, रायफल त्यावर जरा दाबून तीच पट्टी पुन्हा घातली. दस्त्याच्या पुढच्या टोकापासून चार बोटांवर अडली. ओढली तर फाटली. उजव्या बाजूला लाकडावर नाण्याएवढा चकचकीत डाग होता.

दस्त्यातली खाच जुन्या बारीक नळीसाठी कोरलेली. नवी जाड नळी नुसत्या डोळ्यांना मोकळी दिसते, पण बायपॉडवर भार आला की पुढचं लाकूड वाकून तिला भिडतं. नळी तापली की भार बदलतो आणि गोळी वर चढते. कारागिराने ॲक्शन आणि नळी बघितली, दस्ता माझ्याकडेच होता, त्यामुळे हे त्याच्या नजरेत येणं शक्यच नव्हतं. नळी बसवायला देताना दस्ताही बरोबर द्यायचा.

काठीला सँडपेपर गुंडाळून खाच रुंद केली. आधी भरड, मग बारीक. कागदाच्या एका पट्टीऐवजी चार घड्या सहज सरकाव्यात एवढी. ओल्या हवेत लाकूड फुगतं, त्याला जागा हवी. शेवटी आतून वॉर्निशचे दोन हात दिले. घासलेलं लाकूड उघडं सोडलं तर पहिल्याच पावसात पाणी पिऊन पुन्हा नळीला भिडेल. अख्खा रविवार गेला, खर्च सँडपेपरचा.

६ जुलै

दहांचा पसारा २.९ सेंटिमीटर, गोलसर. शंभर मीटरवर एक मिनिटाचा कोन म्हणजेच २.९. चारशेवर हा पसारा साडेअकरा सेंटिमीटरच्या घरात जातो. हरणाची छाती, म्हणजे हृदय-फुप्फुसांचा भाग, साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा. अर्धी जागा नळी-गोळीनेच खाल्ली. उरलेल्या अर्ध्यात माझा हात, माझा श्वास आणि वारा.

तीन गोळ्यांचा कागद पाकिटात घेऊन फिरणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा. दहा गोळ्यांचा आकडा बघून वाईट वाटतं, पण जनावरासमोर खरा ठरणारा आकडा तोच.

२७ जुलै

तांब्याच्या गोळीचा वेग सुरुवातीला ८३८ भरला होता. त्यावर खाली पडण्याचा पूर्ण तक्ता बनवला, दुर्बिणीचे क्लिक लिहून काढले, चारशेवर तपासलेही. आज त्याच खोक्यातल्या काडतुसांनी चारशेवर गोळ्या वर पडायला लागल्या. दुर्बिणीचे स्क्रू तपासले, माउंट तपासले, सगळं घट्ट. क्रोनोग्राफ लावला तर वेग ८५२.

नव्या नळीत हे होतंच. पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत आतला पृष्ठभाग घासून बसतो आणि वेग चढतो, मग थांबतो. चौदाच्या फरकाने चारशे मीटरवर चार-पाच सेंटिमीटर. नुसतं ऐकायला किरकोळ, पण वरच्या हिशोबात उरलेल्या जागेतून ते वजा करा. तक्त्यासाठी उडवलेल्या गोळ्या आणि तो वेळ वाया गेला. नळी दीडशे गोळ्या पार करेपर्यंत झिरो करण्यापलीकडे (ठरलेल्या अंतरावर दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळवण्यापलीकडे) काही लिहून ठेवू नये. बैठकीगणिक सरासरी वेग मात्र टिपत जावा. दोन-तीन बैठका तो हलला नाही की तक्ता करायला घ्यायचा.

१६ ऑगस्ट

आज गोळ्या उमलतात का ते पाहिलं. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजवून, पाणी निथळून, घट्ट बांधून खोक्यात भरली. भिजलेला कागद म्हणजे मांस नव्हे, पण दोन गोळ्यांची एकमेकींशी तुलना त्यात नीट होते. एक खोकं पन्नास मीटरवर, दुसरं चारशेवर.

पन्नासवर १४३ ची शिशाची, पातळ कवचाची गोळी चिंधड्या होऊन पसरली. पुढच्या वीतभर कागदात राखाडी चुरा, तळाचं पितळी कवच चुरगळून अडकलेलं. छातीत लागली तर जनावर जागच्या जागी पडेल. खांद्याच्या हाडावर लागली तर आतपर्यंत पोचेल याची खात्री मला वाटेना, आणि तो राखाडी चुरा मांसातही असाच पसरणार. चारशेवर मात्र तीच गोळी अतिशय सुरेख उमलली.

१२७ ची तांब्याची पन्नासवर चार पाकळ्या पूर्ण मागे वळवून खोलवर गेली. वजन जवळजवळ पूर्ण शाबूत. चारशेवर पाकळ्या उघडल्या, पण अर्ध्याच. टोक तोंड वासलेल्या चिमणीच्या पिल्लासारखं. व्यास मूळच्या दीडपट, पन्नासवरच्या गोळीइतका रुंद नाही. उमलली खरी, पण तिच्यात आता फारसं राखीव उरलेलं नाही हे हातात धरल्यावर कळलं. आणखी पन्नास मीटर लांब खोकं ठेवलं तेव्हा एका गोळीच्या पाकळ्या जेमतेम फाकल्या होत्या.

इथे निवड करावी लागली. शिशाची घेतली तर वाऱ्यात चारशेवर पाच-सहा सेंटिमीटर कमी सरकते आणि पल्ला पाचशेपर्यंत जातो. तांब्याची घेतली तर चारशे ही शेवटची रेघ. मी तांब्याची घेतली आणि चारशे मीटरला कुलूप घातलं. पाचशेवरचं जनावर चारशेवर आणायचं काम पायांनी करता येतं. मांसात गेलेलं शिसं वेचून काढायचं काम कुणालाच करता येत नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. शिशाच्या गोळीवरून तांब्याच्या गोळीवर जाताना नळी पार स्वच्छ करायची. गोळीच्या कवचाचा धातू वेगळा, त्याच्या थरावर नुसतं तांबं गेलं की पहिले काही बार भलतीकडे जातात. तांबं काढणारं द्रावण, नायलॉनचा ब्रश, पट्टीवर निळा रंग येणं थांबेपर्यंत. मग निवडलेल्या गोळीचे पाच-दहा बार आणि नंतर झिरो. जून-जुलैत दोन्ही गोळ्या आलटून पालटून मारल्या तेव्हा निघालेले काही मोठे ग्रूप मी हिशोबातून काढून टाकलेत. ते नळीचेही नव्हते, गोळीचेही नव्हते.

७ सप्टेंबर

वारा. चारशे मीटरला या गोळीला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त लागतो. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ती सुमारे ३७-३८ सेंटिमीटर सरकते. वाऱ्याच्या अंदाजात ताशी पाच किलोमीटरची चूक झाली तर सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे छातीच्या मध्यावर धरलेला नेम तिच्या कडेला. मागे सरकला तर पोटात.

वारामापक हातात घेऊन उभं राहिलं तर कळतो तो आपल्यापाशी असलेला वारा. मधल्या घळीत तो उलटा असू शकतो. आज गवत डावीकडे झुकलेलं, समोरच्या उतारावरची झुडपं उजवीकडे. अशा वेळी चारशेवर बार काढणं हा जुगार आहे. कागदावर काढला, शिकण्यासाठी. जनावरावर काढणार नाही. वाऱ्याचं नक्की कळत नसेल तर माझी हद्द अडीचशे.

आणि अर्ध्या सेकंदात चरणारं हरीण एक पाऊल टाकतं. जनावर पूर्ण थांबलंय, आडवं उभं आहे, मान खाली आहे, तरच.

२१ सप्टेंबर

थंड नळीचा पहिला बार. शिकारीत मोजला जातो तो हाच, रेंजवर कुणी नोंदवत नाही तोही हाच. गेले दोन महिने रेंजवर गेल्या-गेल्या पहिला बार वेगळ्या कागदावर काढत आलोय, तोच कागद दर वेळी पुन्हा टांगून. बहुतेक भोकं मुख्य ग्रूपच्या आतच आहेत. दोन मात्र वर उजवीकडे, चार-पाच सेंटिमीटर. दोन्ही दिवशी आदल्या रात्री नळीला तेल लावून ठेवलं होतं. आता साफ केल्यावर तेलाचा पातळ हात, निघण्याआधी दोन कोरड्या पट्ट्या, आणि हंगाम सुरू होण्याआधी काही बार काढून नळी तशीच मळकी ठेवायची. पाऊस लागला तर बाहेरून पुसायची. तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावतो, पाणी आणि काडी-कचरा आत जाऊ नये म्हणून. गोळीपुढच्या हवेनेच ती फाटते, नेमावर परिणाम दिसला नाही.

५ ऑक्टोबर

रेंजचं टेबल सोडून सगळ्या बैठका. पालथं पडून पिशवीवर: जवळपास टेबलाइतकंच. बसून, काठ्यांच्या टेकूवर: दोनशेवरच ग्रूप पंधरा सेंटिमीटर. उभ्याने: लिहिण्यासारखं नाही. म्हणजे चारशे फक्त पालथं पडून. बसून दोनशे. गवत उंच असेल आणि झोपून दिसत नसेल तर जवळ जायचं, नाहीतर सोडून द्यायचं. हे दोन्ही आकडे आणि वाऱ्याची अडीचशेची हद्द दस्त्यावर पट्टीने चिकटवली, क्लिकच्या तक्त्याच्या वरच, कारण जनावर समोर आल्यावर मन घासाघीस करू लागतं.

९ नोव्हेंबर

सकाळी उणे चार. पलीकडच्या धारेवर नर, लेझरवर ४३०. वारा मागून, जवळजवळ शांत. रायफल मांडली, पट्टीकडे पाहिलं, उठून ओढ्यातून खाली उतरलो. वर चढेपर्यंत तो धारेपलीकडे गेला होता.

दुपारी दुसरा, २९० मीटर. पालथं पडायला सपाट खडक मिळाला. आडवा उभा, मान खाली. बार झाल्यावर दुर्बिणीतून तो दिसत राहिला: पाठ वाकवली, थोडं पळाला, बसला आणि कलंडला. पंचवीस-तीस पावलांचं अंतर. गोळी फऱ्याच्या मागून शिरून पलीकडून बाहेर पडलेली, शिरतानाचं भोक बोटाएवढं, बाहेर पडतानाचं जुन्या रुपयाएवढं. मधे दोन्ही फुप्फुसं, एक बरगडी तुटलेली. जखमेभोवतीचं मांस फारसं नासलं नव्हतं, रक्त साकळलेला भाग वितीएवढा. शिशाच्या गोळीनंतर खांद्याचं मांस जेवढं कापून टाकावं लागायचं त्याच्या निम्मंही गेलं नाही. जनावर जागेवर पडलं नाही हेही नोंदवतो. तांब्याच्या गोळीत हे अपेक्षित धरा आणि बार झाल्यावर जागा हेरून ठेवा.

३० नोव्हेंबर

आतापर्यंत वापरलेल्या लॉटची (कारखान्याच्या एका खेपेची) काडतुसं आता संपत आली. नव्या लॉटचं एक खोकं आणलं: वेग ८४४, झिरो दीड सेंटिमीटर खाली. फरक मोठा नाही, पण आहे. यापुढे लॉट आवडला की त्याच क्रमांकाची दोन हंगामांची काडतुसं एकदम घ्यायची. खोक्याच्या झाकणावर लॉट क्रमांक असतो, दुकानात तो बघून घ्या.

नळीतून आतापर्यंत चारशेच्या आसपास गोळ्या गेल्यात, त्यातल्या बहुतेक चाचण्यांत. घशात अजून भेगा नाहीत. राहिलेलं काम: उणे दहाच्या खाली एकदा चारशेवर दहा गोळ्यांचा ग्रूप. साडेसातच्या पिळाचा हिशोब आतापर्यंत कागदावरच आहे, सर्वांत थंड सकाळ उणे चारच मिळाली. जानेवारीत रेंज उघडी असेल तर तो ग्रूप याच नोंदीखाली लिहीन.